कापसाच्या मुलखातली शिलाई

खानदेशात लग्न ठरलं की दोन्ही घरची मंडळी पहिल्यांदा एकत्र बाहेर पडतात ती बस्ता फाडायला. नवरीचा शालू, वरमाईची पैठणी, करवल्यांचे लेहंगे, मामा-मामींचा आहेर, भाऊबंदांच्या टॉवेल-टोप्या अशी लांबलचक यादी घेऊन वीस-पंचवीस माणसं दुकानातल्या गाद्यांवर बसतात. जळगावला ही गर्दी फुले मार्केट आणि त्याच्या आजूबाजूच्या पेठांमध्ये दिसते, तर धुळ्याला आग्रा रोडवर. पावडरची, चहाची आणि नव्या कापडाची घमघम एकमेकांत मिसळते, साड्यांच्या घड्या उलगडत जातात आणि संध्याकाळी गठ्ठे बांधून मंडळी गावाची वाट धरतात.

पुरुषांच्या लेखी बस्ता तिथेच आटोपतो. बायकांचं खरं काम मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतं. साडी घेतली, पण तिचं ब्लाउज? हळदीला पिवळा घेरदार लेहंगा, सीमांतपूजनाला गाऊन, लग्नाला शिवलेली नऊवारी, हे सगळं शिवायचं कुणी आणि कधी? मग बाजारपेठ मागे टाकून वसाहतींकडे मोर्चा वळतो. जळगावात महाबळ, गणेश कॉलनी, रामानंदनगर, पिंप्राळा. धुळ्यात पांझरेपलीकडचं देवपूर, वाडीभोकर रोड, नकाणे रोड, साक्री रोड. इथे गल्लीगल्लीत पाटी दिसते, ‘लेडीज टेलर्स अँड बुटीक’. कुणाच्या घराची पुढची खोली, कुणाच्या बंगल्याचं पार्किंग, कुणाचा मुख्य रस्त्यावरचा काचेचा गाळा. दिवाळी ते आखाजी (अक्षय तृतीया) आणि तिथून थेट मे महिन्याच्या शेवटच्या तिथीपर्यंत या खोल्यांतले दिवे मध्यरात्रीपर्यंत मालवत नाहीत.

मोठ्या शहरांतल्या बुटीकांवर पुष्कळ लिहिलं जातं. दिल्लीत १९८६ साली फॅशन तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था, म्हणजे निफ्ट, सुरू झाली. १९८७ मध्ये मुंबईत ‘आँसाम्ब्ल’ हे निरनिराळ्या डिझायनरांचे कपडे एका छताखाली विकणारं दुकान उघडलं आणि भारतीय फॅशनचा नवा अध्याय तिथून मोजला जाऊ लागला. जळगाव-धुळ्याच्या बुटीकांचा इतिहास असा एखाद्या तारखेपासून सुरू होत नाही. तो कपाशीच्या शेतातून, गिरणीच्या भोंग्यातून, सुरतेच्या रेल्वेरुळांवरून आणि शिंप्याच्या ओट्यावरून आला आहे. म्हणूनच तो नीट सांगायला हवा.

ओट्यावरचं मशीन

१८८० साली असोद्यात जन्मलेल्या आणि १९५१ मध्ये जळगावात निवर्तलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी आपल्या डोळ्यांपुढे येतात त्या नऊवारी लुगड्यात, डोईवर पदर घेतलेल्या. त्या पिढीतल्या बाईच्या अंगावर शिवलेला कपडा एकच, चोळी. लुगडं मागावरून उतरायचं आणि तसंच नेसलं जायचं. त्याला कात्री लागायची नाही. चोळी घरी हातानं शिवली जाई किंवा गावातल्या शिंप्याकडे जाई. शिंपीकामाची परंपरा खानदेशात खोल रुजलेली आहे. अहिर शिंपी आणि नामदेव शिंपी समाजाची घरं गावोगाव होती. बाजारच्या दिवशी ओट्यावर मशीन मांडून दिवसभर शिवणारा शिंपी हा कुठल्याही मोठ्या गावातला ओळखीचा माणूस होता.

पाचवारी आली, चोळीच्या जागी ब्लाउज आलं, पुढे मुलींचे पंजाबी ड्रेस आले. शिवायचं काम वाढलं, पण शिवणारा पुरुषच राहिला आणि त्यातून एक अडचण कायमची बसून गेली. परक्या पुरुषानं बाईचं माप घ्यायचं कसं? यावर सगळ्या महाराष्ट्रानं एकच तोडगा काढला होता, ‘मापाचं ब्लाउज’. जुनं, त्यातल्या त्यात बरं बसणारं ब्लाउज पिशवीत घालायचं आणि लेकाच्या किंवा दिराच्या हाती शिंप्याकडे धाडायचं. त्या जुन्या ब्लाउजचा मुंढा काचत असेल तर नवं ब्लाउजही काचे. बाळंतपणानंतर अंग बदललं तरी माप दोन वर्षांपूर्वीचंच राही. कित्येक बायकांनी उभं आयुष्य असं नीट न बसणाऱ्या कपड्यात काढलं आणि त्याबद्दल बोलायची सोय नाही म्हणून कधी बोलल्याही नाहीत.

बाईनं बाईचं माप घेणं सुरू झालं तो खरा बदल. शाळेतला शिवण वर्ग, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला शिवण-कर्तनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, गल्लीतल्या कुणा काकूंचे दुपारचे क्लास यांतून शिकलेल्या मुली लग्नानंतर आपापल्या घरात मशीन मांडून बसल्या. आधी फॉल-पिको, मग साधं ब्लाउज, मग ड्रेस, मग नवरीचं काम अशा पायऱ्या त्या चढल्या. आज बुटीक म्हणवणाऱ्या खोलीत पडद्याआड टेप घेऊन उभी असलेली ताई विचारते, “काचतंय कुठे? हात वर करून दाखवा. बाळाला पाजता ना अजून, मग पुढून हुक ठेवू.” हे प्रश्न ओट्यावरच्या शिंप्याला कधी विचारता आले नसते. डिझाइन, रंग, झगमगाट या सगळ्याच्या आधी, अंगाबद्दल मोकळेपणानं बोलता येईल अशी जागा या बायकांनी उभी केली. माझ्या लेखी बुटीकचं पहिलं मोल हे आहे.

कापूस गेला, कापड आलं

खानदेश ही कापसाची भूमी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि इंग्लंडची नजर हिंदुस्थानच्या काळ्या मातीकडे वळली. नेमक्या त्याच वर्षांत मुंबईहून निघालेली रेल्वे खानदेशात पोचली आणि तोवर लहानसं असलेलं जळगाव कापसाची मोठी पेठ बनलं. १८७० च्या दशकात जळगावात सूत कातणारी आणि कापड विणणारी खानदेश मिल उभी राहिली. पुढे श्रीमंत प्रतापशेठजींनी अमळनेरात प्रताप मिल काढली, धुळ्यात न्यू प्रताप मिल उभी राहिली. त्याआधीच्या काळातही हा मुलूख कापडाचा होताच. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून जाई. १८८० च्या खानदेश गॅझेटियरनं फैजपूरच्या छापील सुती कापडाची आणि तिथल्या गडद निळ्या व लाल रंगांची ख्याती नोंदवून ठेवली आहे.

म्हणजे एके काळी पिकवणं, कातणं, विणणं, रंगवणं हे सगळं पन्नास-साठ मैलांच्या परिघात होत होतं. मग एकेक दुवा तुटला. रंगाऱ्यांचे हौद आटले, गिरण्यांचे भोंगे थांबले. जळगाव स्टेशनजवळच्या खानदेश मिलच्या जागेवर आज ‘खानदेश सेंट्रल’ हे व्यापारी संकुल उभं आहे. धुळ्याजवळ मोराण्याला आणि शिरपूर तालुक्यात सहकारी सूतगिरण्या निघाल्या, धुळ्यात यंत्रमागांचा खडखडाट आहे, शेजारच्या मालेगावात तर तो चोवीस तासांचा आहे. तरीही जिनिंगमधून निघालेल्या कापसाच्या बहुतेक गाठी बाहेरच जातात आणि कापड बाहेरून येतं.

हे कापड येतं मुख्यतः सुरतेहून. विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती व्हॅली रेल्वेनं सुरत खानदेशाशी जोडलं. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. सुरतेच्या रिंग रोडवरचे कापड बाजार खानदेशी दुकानदारासाठी एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. संध्याकाळी निघायचं, दिवसभर माल पाहायचा आणि दुसऱ्या रात्री परतायचं. जॉर्जेट, शिफॉन, नेट, ऑर्गेंझा, भरतकाम केलेले लेहंग्याचे मीटर, लेस, लटकनं हे सगळं तिथून येतं. ज्या जिल्ह्याचा शेतकरी कपाशीच्या भावासाठी आंदोलन करतो, त्याच जिल्ह्यात त्याची लेक हळदीला पॉलिस्टरचा लेहंगा घालून उभी असते, तेही चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात.

सुरतेत गेलेले हात

कापड सुरतेहून येतं, पण त्या कापडावर काम करणारे हात अनेकदा खानदेशीच असतात. पाऊस रुसला, जमीन वाटण्यांत तुकडे होऊन उरली, गिरणी बंद पडली, की खानदेशी माणसानं सुरतेची गाडी धरली. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत खानदेशी मंडळींच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. तिथे अहिराणी बोलली जाते, कानबाई देवी बसते, तिचे रोट होतात. सुरतेला लागून असलेल्या नवसारी मतदारसंघाचं लोकसभेत प्रतिनिधित्व करणारे सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, यावरून या स्थलांतराचा आवाका कळावा.

या वस्त्यांमधले पुरुष माग चालवतात, साड्यांच्या घड्या घालतात, भरतकामाच्या यंत्रांवर पाळ्या करतात. बायका घरी बसून साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवतात, लेस लावतात, सुटे धागे कापतात. मजुरी नगावर मिळते आणि ती नगण्य असते. दलाल सकाळी साड्या टाकून जातो, संध्याकाळी उचलून नेतो. ती साडी कुठे विकली जाईल, किती रुपयांना, हे त्या बाईला ठाऊक नसतं. ती कदाचित तिच्याच माहेरी, अमळनेर किंवा शिंदखेड्याच्या एखाद्या लग्नात कुणी नेसलेली असते.

जळगाव-धुळ्यातल्या बुटीककडे मी या पार्श्वभूमीवर पाहते. कापूस पिकवणाऱ्या बाईला भाव ठरवता येत नाही. सुरतेत टिकली लावणाऱ्या बाईला मजुरी ठरवता येत नाही. कपाशीच्या बोंडापासून अंगावरच्या कपड्यापर्यंत जी लांब साखळी आहे, तिच्यात खानदेशातली बाई स्वतःच्या कामाची किंमत स्वतः सांगते अशी जागा बहुधा एकच, बुटीक. वहीत तिनं लिहिलेला शिलाईचा आकडा हा तिचा स्वतःचा असतो. तो आकडा टिकवणं हे केवळ तिचं काम नाही, ते आपलंही आहे.

मापाची वही

प्रत्येक चालत्या बुटीकमध्ये एक जाडजूड वही असते. नाव, तारीख, छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीची लांबी, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा. शेजारी कापडाचा चिमूटभर तुकडा स्टेपल केलेला आणि खाली बारीक अक्षरात शेरे, ‘डावा खांदा उतरता’, ‘गळा फार खोल नको, सासूबाई’. दहा-पंधरा वर्षांच्या वह्या चाळल्या तर एका वसाहतीतल्या बायकांच्या शरीरांचा इतिहास त्यात सापडेल. मुली मोठ्या होतात, लग्नं होतात, बाळंतपणं होतात, वजन वाढतं, आजारपणानंतर एकदम उतरतं.

भारतीय माणसांच्या शरीराचे खरे आकार कळावेत म्हणून निफ्टनं ‘इंडिया साइझ’ हे सर्वेक्षण हाती घेतलं. सहा शहरांत पंचवीस हजार माणसांची मापं घेण्याची ती योजना. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग ही ती शहरं. तयार कपड्यांचे एस, एम, एल हे आकार आपल्या अंगाला बसत नाहीत, हे त्यामागचं कारण. शेतात वाकून कापूस वेचणाऱ्या बाईचे खांदे आणि दंड या आकारांच्या चौकटीत कसे मावणार? ते मावतात बुटीकच्या वहीत. राष्ट्रीय पातळीवर ज्या प्रश्नाचं उत्तर शोधलं जातंय, ते वाडीभोकर रोडवरच्या एका खोलीत रोज, एका बाईपुरतं, सोडवलं जातं.

या कामातलं कसब बाहेरून दिसत नाही. साडीच्या टोकाला जोडून येणारा ब्लाउजपीस साधारण ऐंशी सेंटिमीटरचा. उंच किंवा भरल्या अंगाच्या बाईचं लांब बाह्यांचं ब्लाउज त्यात बसवायचं तर काठ कुठे वापरायचा, जोड कुठे लपवायचा याची जुळणी कात्री लावण्याआधीच डोक्यात करावी लागते. सुती अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात आतला कपडा आटतो आणि वरच्या रेशमाला चुण्या पडतात. म्हणून जाणती बाई आधी अस्तर पाण्यातून काढते, वाळवते, इस्त्री करते, मगच बेतते. प्रिन्सेस कटला दोन उभे जोड बरोबर छातीच्या उंचवट्यावरून जावे लागतात, कटोरीचे भाग वेगळे बेतावे लागतात. मागचा गळा खोल घेतला की खांदे घसरू नयेत म्हणून नाडी आणि लटकन बांधतात. त्या लटकनाला शोभेबरोबर कामही असतं.

आणि आरी वर्क. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं, हुकासारख्या टोकाच्या सुईनं खालून दोरा ओढत साखळी टाका घालायचा, त्यात मणी, जरदोसी, कटदाणा ओवायचा. नवरीच्या ब्लाउजच्या दोन बाह्या आणि पाठ भरायला कित्येक दिवस लागतात. मान खाली, नजर टाक्यावर. काही ठिकाणी हे काम परप्रांतातून आलेले कारागीर करतात, काही ठिकाणी मुलींनी ते शिकून घेतलं आहे. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात नवरीचा हार आणि ब्लाउजचा गळा एकमेकांना शोभले पाहिजेत, म्हणून सराफ बाजारातून दागिन्याचा फोटो आधी बुटीकमध्ये पोचतो आणि गळ्याचा आकार त्यावरून ठरतो.

जामनेर, पाचोरा, चाळीसगावकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या अंगावर आरसे, कवड्या, रंगीत धाग्यांचं जे भरतकाम दिसतं, त्याच्या नकलेचे यंत्रावरचे तयार पट्टे आता बाजारात येतात आणि नवरात्रातल्या घागऱ्यांना लागतात. ज्यांच्या आज्यांनी हे टाके जपले त्या बायका जळगावपासून तास-दोन तासांच्या अंतरावर आहेत. त्यांना काम देऊन, योग्य दाम देऊन अस्सल पट्टे भरून घेणारं एखादं बुटीक जळगावात उभं राहिलं तर ते महाराष्ट्रभर नाव काढेल, अशी माझी खात्री आहे.

चारशे रुपयांचा हिशेब

बुटीकमध्ये सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “ताई, शिलाई जरा जास्त नाही का होत?” साडीच्या किमतीत फारशी घासाघीस न करणारी बाई शिलाईपाशी अडून बसते.

समजा, अस्तराच्या साध्या ब्लाउजची शिलाई चारशे रुपये आहे. अस्तर, कॅनव्हास, हुक, दोरा, पाइपिंग यांचे शंभर वजा केले की उरले तीनशे. माप घेणं, अस्तर भिजवून बेतणं, शिवणं, हातशिलाई, हुक, इस्त्री, ट्रायल आणि नंतरचं अल्टर यांना मिळून चार तास लागले तर तासाला पंच्याहत्तर रुपये पडतात. त्यातून वीज, मशीनची दुरुस्ती, जागेचं भाडं, हाताखालच्या मुलीचा पगार द्यायचा. उरतं त्यावर घर चालतं, मुलांची फी भरली जाते. कित्येकींनी याच पैशांवर मुलांना इंजिनीअर केलं आहे, आणि या कामगिरीची नोंद कुठेच होत नाही.

जागेचा प्रश्न वेगळाच. जळगाव महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या अनेक गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली आणि त्यावरचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. बाजारपेठेत नवा गाळा घेणं घरच्या भांडवलावर काम करणाऱ्या बाईच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून ती घरातच राहते. घरात राहिलं की भाडं वाचतं, पण काम आणि संसार यांच्यामधली भिंतही राहत नाही. गिऱ्हाईक रात्री दहाला बेल वाजवतं, “परवा हळद आहे हो, उद्या द्याच.” कुकरची शिट्टी मोजत ती शिवते. तिच्या कामाला वेळ नाही म्हणून त्याला ‘फावल्या वेळचं काम’ म्हटलं जातं, आणि फावल्या वेळचं म्हटलं की दाम कमी देता येतो.

सरकारी पातळीवर काही दारं उघडली आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, पहिल्या टप्प्यात एक लाख आणि दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज, तेही ५ टक्के व्याजानं. एका चांगल्या औद्योगिक मशीनची आणि ओव्हरलॉकची सोय यातून होऊ शकते. स्पर्धा मात्र वाढते आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्केच वस्तू व सेवा कर आहे. पूर्वी ही सवलतीची मर्यादा एक हजाराची होती. मोबाइलवर बोट टेकवलं की ‘रेडी टू वेअर’ ब्लाउज दारात येतं, आणि त्याची किंमत अनेकदा शिलाईहून कमी असते.

या स्पर्धेत बुटीक स्वस्ताईनं टिकणार नाही. ते टिकेल माप, दुरुस्ती आणि विश्वास यांवर. तयार ब्लाउज उसवलं की संपलं. बुटीकमधल्या ब्लाउजच्या शिवणीत दोन्हीकडे मार्जिन ठेवलेलं असतं, ते दोन वर्षांनी उसवून वाढवता येतं. आईच्या जुन्या पैठणीचा विरलेला भाग वगळून नातीचं परकर-पोलकं करता येतं. इथे कपडा पुन्हा पुन्हा जगतो.

आपल्या हाती असलेलं

२०११ च्या जनगणनेत साडेचार लाखांहून जास्त वस्ती असलेल्या जळगावात आणि पावणेचार लाखांच्या धुळ्यात किती घरांमधून हे काम चालतं, याची एक साधी यादी महापालिकांनी करावी. बहिणाबाईंचं नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठानं आणि इथल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या बायकांसाठी बेतण्याचे, हिशेबाचे, दर ठरवण्याचे छोटे अभ्यासक्रम दुपारच्या वेळेत काढावेत. बुटीकवाल्यांनी एकत्र येऊन किमान शिलाईचा दरफलक लावावा, म्हणजे एकमेकींचे दर पाडण्याची पाळी येणार नाही. उन्हाळ्यातल्या लग्नांसाठी सुती आणि हलक्या कापडाचे देखणे लेहंगे घडवले, तर कपाशीच्या या मुलखाची स्वतःची शैलीही उभी राहील.

गिऱ्हाईक म्हणून आपण करायच्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. काम वेळेवर टाकावं, आदल्या दिवशी नव्हे. ट्रायलला जावं. कापड देतानाच निम्मी शिलाई द्यावी, उरलेली कपडा नेताना, उधारी ठेवू नये. साडीवर पाच हजार खर्च करताना शिलाईचे पैसे त्याच यादीत, त्याच मानानं धरावेत. आणि घासाघीस करायचीच असेल तर ती मोठ्या दुकानाच्या गादीवर करावी, मशीनवर वाकलेल्या बाईपाशी नको. या मुलखातला कापूस दीडशे वर्षं दुसऱ्यांनी ठरवलेल्या भावानं गेला. शिलाईचा भाव तरी इथल्या बाईला ठरवू द्यावा.